मोटर फुटली, मग पुढे?

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांना रॉकेटचं वेड जरा जास्तच लागलंय. चंद्रपूर घ्या, ब्रह्मपुरी घ्या नाहीतर गडचिरोली घ्या, विज्ञान प्रदर्शनात एखादं रॉकेट दिसतंच. चांगलं आहे. रॉकेट मलाही आवडतात आणि पोरांनी असल्या गोष्टींच्या नादी लागावं असंच माझं मत आहे. पण त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट मला सारखी खटकते. किती मीटर वर जाईल, पॅराशूट कधी उघडेल, आत कुठला सेन्सर बसवलाय, हे सगळं तोंडपाठ असतं. "आणि मोटर फुटली तर रे?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही फुटत सर!"

ही जी "नाही फुटत" वृत्ती आहे ना, तिच्याबद्दल आज लिहायचंय. माझं म्हणणं अगदी थोडक्यात सांगायचं तर, मोटर फुटली की काय करायचं हे ज्याला माहीत नाही त्याने मोटर पेटवू नये. आणि फुटल्यावर ते सगळ्यांना सांगायची ज्याची तयारी नाही, त्याने तर मुळीच पेटवू नये. मग तो बारावीचा विद्यार्थी असो की आणखी कोणी मोठा.

आधी मोटर म्हणजे काय ते बघू. आपल्या डोळ्यांसमोर मोटर म्हटलं की विहिरीवरची मोटर येते. रॉकेटवाले मोटर म्हणतात ती घन इंधन भरलेली नळी. एक टोक बंद, दुसऱ्या टोकाला निमुळतं भोक, म्हणजे नॉझल. आत इंधन पेटतं, वायू तयार होतो, तो भोकातून जोरात बाहेर पडतो आणि रॉकेट वर जातं. अमेरिकेत हौशी लोकांच्या मोटरांना इंग्रजी अक्षरांचे वर्ग आहेत. ए, बी, सी असं करत पुढे गेलं की प्रत्येक अक्षराला ताकद दुप्पट. जी पर्यंत ती मुलांची छोटी रॉकेटं, एच पासून पुढे 'हाय पॉवर'. एच म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद आणि एम म्हणजे ५१२० ते १०२४०. म्हणजे दिवाळीचा बाण आणि एम वर्गाची मोटर यांत तेवढाच फरक, जेवढा सायकल आणि ट्रकमध्ये आहे.

आता ही मोटर फुटते कशी? यासाठी फार लांब जायला नको. अनार कुणी उडवला नाही? दहा अनार लावले की नऊ छान उडतात, दहावा धाडकन फुटतो. का फुटतो? एकतर भोक बुजलेलं असतं, नाहीतर आतली दारू तडकलेली असते. दुसरं कारण जरा समजून घेण्यासारखं आहे. चुलीत अख्खा ओंडका घातला तर तो सावकाश जळतो. तोच कुऱ्हाडीने फोडून घातला की भडकतो. लाकूड तेवढंच, पण आगीला भिडणारी बाजू वाढली. मोटरमधल्या इंधनाच्या ठोकळ्याला तडा गेला की तेच होतं. जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, वायू जास्त तयार होतो, नॉझलचं भोक तर तेवढंच राहतं, म्हणून आतला दाब वाढतो. गंमत (गंमत कसली, धोकाच) अशी की दाब वाढला की घन इंधन आणखी वेगाने जळतं आणि दाब आणखी वाढतो. हे सगळं सेकंदाच्या लहानशा भागात होऊन जातं. आपल्या कुकरला निदान सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, इथे नळी स्वतःच व्हॉल्व्ह होते!

आणखीही प्रकार आहेत. नॉझलच निसटून बाहेर फेकलं जातं. वरचं झाकण उडतं आणि आग उलटी रॉकेटच्या पोटात शिरते. ओ-रिंग नीट न बसल्यामुळे गरम वायू कडेने वाट काढतो आणि नळीला बाजूने भोक पाडतो. मोठ्या हौशी मोटरांची ॲल्युमिनियमची नळी पुन्हा पुन्हा वापरता येते, आतले इंधनाचे ठोकळे आणि रिंगा उडवणारा स्वतः बसवतो. म्हणजे एका छोट्याशा रबरी रिंगवर सगळा खेळ. हा खेळ केवढा मोठा असतो ते २८ जानेवारी १९८६ ला साऱ्या जगाने पाहिलं. चॅलेंजर यानाच्या उजव्या घन इंधनाच्या बूस्टरमधली ओ-रिंग थंडीने कडक झाली, यान ७३ सेकंदांत तुटलं, सात माणसं गेली. थंडीत रिंगचा भरवसा नाही असं आदल्या रात्री काही इंजिनिअर सांगत होते. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

आणि एक प्रकार असा की ज्यात काहीच होत नाही. बटण दाबलं, इग्नायटर फुसकन वाजला, रॉकेट जागच्या जागी. माझ्या मते सगळ्यात धोकादायक हाच. फुटलेल्या मोटरपासून माणूस लांब पळतो. न पेटलेल्या मोटरकडे मात्र तो चालत जातो. दर दिवाळीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोरं जातात ती बरेचदा अशीच, विझलेल्या अनारावर वाकून बघणारी.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. कोळशाच्या खाणीत ब्लास्टिंगच्या कामावर आयुष्य गेलं. त्यांच्यासमोर मी एकदा हा विषय काढला तर ते म्हणाले, "बाबू, जो बार वाजला तो मेला. जो नाही वाजला तो जिता असते. त्याच्याजवळ जायाची घाई करू नोको." हौशी रॉकेटवाल्यांच्या सुरक्षा नियमावलीत हीच गोष्ट लिहिलेली आहे. रॉकेट पेटलं नाही तर आधी बॅटरीची जोडणी काढा, मग पूर्ण ६० सेकंद कोणीही जवळ जाऊ नका. अंतराचेही आकडे ठरलेले आहेत. एका मोटरच्या साध्या रॉकेटसाठी एच वर्गाला किमान १०० फूट, के ला २००, एम ला ५००. हे आकडे कोणी हवेतून काढलेले नाहीत. मोटर फुटणार हे गृहीत धरून ते ठरवलेत. नियमावली "काळजी घ्या म्हणजे फुटणार नाही" एवढंच सांगून थांबत नाही. "फुटेल तेव्हा तुम्ही तिथे नसा" हेही सांगते. मला हे फार आवडतं.

हे शहाणपण काही फुकट आलेलं नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतली पोरं आज आपली पेटलीत तशीच पेटली. घराच्या मागे, गॅरेजमध्ये लोखंडी पाइपात मिळेल ती दारू ठासून रॉकेट करायला लागली. बोटं गेली, डोळे गेले, काहींचे जीवही गेले. त्याच सुमारास जी. हॅरी स्टाइन नावाच्या रॉकेट इंजिनिअरने आणि ऑर्व्हिल कार्लाइल या नेब्रास्कातल्या चपलांच्या दुकानदाराने एक साधा रस्ता काढला. पोरांनी इंधन बनवायचंच नाही. मोटर कारखान्यात बनेल, तपासलेली असेल, नळी धातूची नसेल, पोरांनी फक्त रॉकेट बनवायचं. १९५७ मध्येच त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि ज्याला आधी पोरांचा जीवघेणा उद्योग म्हणत होते तो शाळेत शिकवण्यासारखा छंद झाला. लक्षात घ्या, त्यांनी बंदी आणली नाही. नुसतं शाबास म्हणून मोकळंही सोडलं नाही.

त्यांची आणखी एक पद्धत मला त्याहून महत्त्वाची वाटते. कोणाचीही मोटर फुटली, नॉझल उडालं, पॅराशूटचा बार उशिरा वाजला, तर त्याची माहिती संघटनेकडे कळवायची सोय आहे. कुठल्या कंपनीची मोटर, कुठला गट क्रमांक, काय झालं, हे सगळं. एकाच गटाच्या मोटरा पुन्हा पुन्हा फुटताहेत असं दिसलं की तो गट पकडता येतो. म्हणजे एका माणसाच्या पाच-सहा हजारांच्या नुकसानातून बाकीच्यांचे डोळे वाचतात. यात कोणाची नाचक्की नाही. मोटर फुटली म्हणजे तू नालायक, असं तिथे कोणी म्हणत नाही. फुटली आणि सांगितलं नाहीस तर मात्र म्हणतात.

आता जरा आपल्या घरात बघू. घन इंधनात आपण काही मागे नाही. थुंब्याला घन इंधनाचं काम ज्यांनी उभं केलं त्यांत आपले वसंत गोवारीकर आघाडीवर होते, पुढे ते तिथल्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालकही झाले. आपला पीएसएलव्ही इतकी वर्षं भरवशाचा म्हणून ओळखला जायचा. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ गेलं आणि तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे घन इंधनाच्या मोटरमध्ये, दाब पडला. उपग्रह गेला. चौकशी समिती नेमली गेली. पण तिचा अहवाल लोकांसमोर आला नाही, आणि १२ जानेवारी २०२६ ला पीएसएलव्ही-सी६२ उडालं. तिसऱ्याच टप्प्याच्या शेवटी पुन्हा गडबड. मोठा उपग्रह गेला, बरोबरचे १५ छोटेही गेले.

दोन्ही वेळचं कारण एकच होतं असं मी म्हणत नाही, ते ठरवणारा मी कोण? माझा मुद्दा वेगळा आहे. हीच इस्रो पूर्वी सांगत आली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० पडलं तेव्हा कुठल्या व्हॉल्व्हमधून गळती झाली आणि त्यामुळे टाकीतला दाब कसा कमी झाला हे तिने पुढे जाहीर केलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं, त्याचंही कारण सांगितलं. ते वाचून कोणाचा इस्रोवरचा विश्वास उडाला? उलट वाढला. मग सी६१ च्या वेळीच का नाही? या टप्प्याच्या मोटरीत काही गुपितं असतील, समजू शकतो. पण "दाब का पडला" याचं चार ओळींचं उत्तर देता येणारच नाही असं मला वाटत नाही. आमच्या सिंदेवाहीचा पोरगा इस्रोकडे बघून शिकतो. अपयशाचं काय करायचं हेही तो तिथूनच शिकणार ना?

सिंदेवाहीचं नाव उगाच नाही घेतलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळते गोळे जाताना अर्ध्या महाराष्ट्राने पाहिले. नंतर कळलं की सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलंय. दुसऱ्या दिवसापासून आजूबाजूच्या गावांत गोळेही सापडायला लागले. सुरुवातीला संशय भलत्याच रॉकेटवर गेला. मग अभ्यासकांनी कक्षेचा हिशेब मांडून सांगितलं की हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. तिथे मोटर फुटली नव्हती हे खरं, तो नुसता वापरून झालेला टप्पा होता. पण आमच्या लोकांनी रॉकेट पहिल्यांदा हाताळलं ते असं, पडलेल्या बाजूने. ज्याच्या अंगणाशी तुकडा पडतो त्याला तो कोणाचा, कशाचा, हात लावावा की नाही, हे सांगणारं कोणीतरी हवं. रॉकेट तीनशे टनांचं असो की तीन किलोचं, हा नियम बदलत नाही.

आता आमच्या भागापुरतं बोलायचं तर फुटलेल्या मोटरचा प्रश्न इथे जास्तच अवघड आहे. अमेरिकेतली मंडळी कोरड्या तलावाच्या सपाट जमिनीवर, वाळवंटात रॉकेटं उडवतात. मोटर फुटली की जळते ठोकळे चारी दिशांना उडतात, पण जळायला तिथे काही नसतं. आमच्याकडे फेब्रुवारीत सागाची पानं गळायला लागतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वनखात्याचा वणव्याचा हंगाम. त्यातच मोहफुलं, त्यातच तेंदूपत्ता. म्हणजे माणसं जंगलातच असतात. अशा वेळी एक जळता ठोकळा पाचोळ्यात पडला तर काय होईल ते सांगायला नको. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हाच आहे, पण कायद्याचं राहू द्या, तेंदूपत्त्यावर ज्याचं वर्षाचं मीठ-मिरची चालतं त्याचा विचार करा. त्यामुळे या भागात उडवायचंच तर धान कापणी झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, जंगलापासून लांब, रिकाम्या बांध्यांत आणि तणसाचे ढीग दूर ठेवून. तेही शेतकऱ्याला विचारून.

तुकड्यांचं तसंच. फुटल्यावर न जळलेलं इंधन जमिनीवर पडून राहतं. ते गुरांच्या तोंडी लागू शकतं, पोरांच्या हाती लागू शकतं. म्हणून फुटलेल्या मोटरचा शेवटचा तुकडा मिळेपर्यंत कार्यक्रम संपला असं म्हणू नये. पण एक तुकडा झुडपी जंगलात गेला म्हणून संध्याकाळी पोरं त्याच्यामागे धावली, असंही चालणार नाही. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या माणसाला वाघाचं वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय तुकडे टाकून द्यायचे नाहीत, ते बोलतात. नळी फाटली असेल तर दाब वाढला होता. एका बाजूला काळं भोक असेल तर रिंग किंवा आतलं अस्तर गेलं. नॉझलच गायब असेल तर ते बसवण्यात किंवा त्याच्या पकडीत काहीतरी चुकलं. फोटो काढा, मोजा, तारीख घाला, हवामान लिहा. आमच्या ४६-४७ अंशांच्या उन्हाळ्यात टिनाच्या शेडमध्ये ठेवलेली मोटर आणि जानेवारीतली मोटर एकसारखी नसते. गरम इंधन जास्त वेगाने जळतं, आणि वारंवार तापून-निवून ठोकळा तडकूही शकतो. हे आकडे परदेशी पुस्तकात मिळणार नाहीत, ते इथेच लिहावे लागतील.

गडचिरोलीत आणखी एक गोष्ट आहे. तिकडे नळी, वायर आणि बॅटरी एकत्र दिसली की लोकांच्या डोक्यात रॉकेट येत नाही. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. ज्या जिल्ह्याने असं पाहिलंय तिथे "आम्ही प्रयोग करत होतो" हे नंतर सांगून भागत नाही, आधी सांगावं लागतं. तहसील, पोलीस ठाणं, ग्रामपंचायत, सगळ्यांना. लपूनछपून उडवलेलं रॉकेट नीट उडालं तरी चूक, आणि फुटलं तर विचारूच नका.

आणि घरी इंधन बनवायचं तर सरळ नाहीच. इंटरनेटवर साखरेच्या इंधनाचे व्हिडिओ ढिगाने आहेत, मला माहीत आहे. त्या व्हिडिओत फुटलेली भांडी दाखवत नाहीत. स्फोटकांचा कायदा १८८४ पासून आहे, विनापरवाना असले पदार्थ बनवणं गुन्हा आहे, आणि परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. कोणी म्हणेल, मग पोरांनी करायचं काय? तर रस्ते आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात इन-स्पेसच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटची स्पर्धा झाली, रीतसर, जाणत्यांच्या देखरेखीखाली. तशी एखादी विदर्भात का होऊ नये? भद्रावतीला आयुध निर्माणी आहे, जिल्हाभर कोळशाच्या खाणी आहेत, स्फोटकं सुरक्षित कशी हाताळायची हे ज्यांना हाताने ठाऊक आहे अशी निवृत्त माणसं आमच्या गल्लोगल्ली आहेत. त्यांना शाळेत बोलवा. फेटा-नारळ नंतर, आधी पोरांना "जिता बार" समजावून सांगायला बोलवा.

आणि सुरुवात पाण्याच्या रॉकेटपासून करा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, थोडं पाणी, सायकलचा पंप. तिथेही बाटली फुटते! झाकणाशी हवा सुटते, बाटलीला आधी चरा पडलेला असला तर ती तिथूनच जाते. म्हणजे दाब, सांधा, तडा हे तीनही धडे आगीशिवाय शिकता येतात. तिथेच सवय लावा: दोरी लांब, डोळ्यांवर चष्मा, कोणी वाकून बघायचं नाही, फुटली की वहीत लिहायचं. ज्या पोराच्या वहीत फुटलेल्या दहा बाटल्यांची नीट नोंद आहे, त्याच्या हातात मी उद्या खुशाल कारखान्यातली तपासलेली मोटर देईन. ज्याच्या वहीत फक्त सर्वात उंच उड्डाण लिहिलंय, त्याला नाही देणार.

विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांनाही माझं एक सांगणं आहे. पुढच्या वेळी रॉकेटच्या टेबलापाशी "किती उंच गेलं?" हे जरा नंतर विचारा. "कितीदा फसलं, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?" हे आधी विचारा. या उत्तराला मार्क द्यायला सुरुवात झाली की "नाही फुटत सर" म्हणणारी पोरं आपोआप कमी होतील.

असो. बघा, पटतंय का.